मोर्णेत टाकलेली लोणारची काच

वीस वर्षं मी एका काचेच्या गोट्याले हळदकुंकू लावलं, अन् तुमी समोर बसून बिडी वढत राह्यले! वीस वर्षं! एकदाही वाटलं नाही का, की या बाईले सांगावं, थांब बाई, हा देव नाही?

गंगूचे बाबा, जयभीम. हे आधी लिहायचं असते, मले माहीत आहे. पण राग आधी आला, म्हणून तो आधी लिहिला.

आता लिहायले काहून बसली ते सांगते. येत्या रविवारी तुमाले जाऊन वर्ष होते. विहारात कार्यक्रम ठेवला आहे. कमिटीचा सेक्रेटरी पुंडलिक दारात येऊन म्हणे, "काकू, काकांबद्दल दोन शब्द बोला." मी म्हटलं, "कोणते दोन? दगडावर कोरले नाही ते का?" तो चपलेकडं पाहत निघून गेला.

विहाराच्या दारातल्या दगडावर, ज्याईनं विहार बांधला त्या सगळ्याईचे नावं आहेत. तुमचं नाही. पायाचा एकूण एक दगड तुमी घडवला, हातोडीनं नखं काळे करून घेतले, तरी नाही. अन् काहून नाही हे साऱ्या वस्तीले पाठ आहे: हा माणूस दीक्षा घेऊनही नदीत देव हुडकत होता.

ते पहिल्यांदा कोण म्हटलं? मी. सगळ्याईच्या आधी, सगळ्याईहून मोठ्यानं. अन् ते खोटं होतं, हे मले या मंगळवारी समजलं. आता रविवारी उठून सगळ्याईसमोर ते खोटं होतं म्हणावं, का गप बसावं, एवढाच माह्या जिवाले घोर आहे. म्हणायचं तर वीस वर्षाचं माह्यं येडेपणही सांगावं लागते. माह्यं तोंड केवढं, तुमाले माहीत आहे. ते स्वतःवर कधी चाललं नाही.

माह्या अक्षराले हासू नका. दीक्षेनंतर बायाईचा वर्ग भरे, तिथं जेवढं हाती लागलं तेवढंच. जोडाक्षर आलं की हात अडते. तरी लिहून राह्यली, कारण घरात बोलायले माणूस नाही. शेजारची सखू बहिरी झाली. तिच्याशी भांडलं तर हासते अन् सुपारी देते. भांडणाले समोर कोणी असावं लागते हो! तुमी गेले अन् माह्यं तोंड निरं पडून राह्यलं. कवा कवा मी भिंतीले म्हणते, "काहून, उत्तर नाही का?" मंग आठवते, तुमी होते तेव्हाही असंच होतं. पण तेव्हा खोकला तरी ऐकू येत होता.

मंगळवारी सुमन आली. आपल्या गंगूची थोरली, तुमची लाडाची. अमरावतीच्या कॉलेजात आता दगडाधोंड्याचंच शिकून राह्यली. तिचे सर सगळ्या वर्गाले घेऊन लोणारच्या तळ्यावर गेले होते. परत जाताना ही अकोल्याले उतरून पडली, दोन दिवस आजीपाशी राहते म्हणून. मी अंगणात ज्वारी पाखडत होती. पोट्टीनं पाय धुतले नाही, पाणी पेली नाही, पिशवीतून रुमाल काढला अन् रुमालातला खडा माह्या हातावर ठेवला.

"आजी, असाच होता का?"

काळा. चकचकीत. थेंबासारखा एका अंगानं निमुळता. उजेडात धरला तर कडेले काकवीसारखा तपकिरी. आपल्या कोनाड्यातल्या गोट्यापेक्षा लहान होता, पण जात तीच.

"हा तर तुह्या आज्याच्या घराण्याचा देव!" मी म्हटलं. "तुले कुठं सापडला? नदीत?"

ती हासली. हासता हासता माह्या तोंडाकडं पाहून थांबली. "आजी, तो देव नव्हता. लोणारची काच होती. मी सातवीत असताना आबांनी मला सांगितलं होतं. पण ते आहेत तोवर तुला सांगायचं नाही, असं वचन घेतलं होतं."

"ते गेले त्याले वर्ष होऊन राह्यलं. मंग वर्षभर काय तोंडात पान होतं?"

"तू रडशील म्हणून."

"मी? मी रडताना पाह्यली का तू कधी?"

नाही रडली. पण सूप खाली ठेवलं होतं ते उचलायचं राह्यलं, अन् सखूच्या कोंबड्याईनं सगळी ज्वारी उडवली.

तुमी लोणारहून आले तो दिवस मले साफ आठवते. लग्नाले चार वर्षं झाले होते, गंगू रांगत होती. दगड तपासणारा कोणी साहेब आला होता, त्याच्या पेट्या वाहायले अन् धोंडे फोडायले तुमी चार महिने गेले होते. आले तेव्हा अंगाले तळ्याच्या खाराचा उग्र वास होता, अन् धोतराच्या सोग्यात गाठ मारून बांधलेला आवळ्याएवढा हा खडा. काही बोलले नाही. कोनाड्यात देवाचे टाक होते, त्याईच्या शेजारी तो ठेवला अन् भाकर मागितली.

आता तुमीच सांगा, मी काय समजाव? माणूस चार महिन्यानं घरी येते अन् मुकाट्यानं गोटा देवाजवळ ठेवते! मी समजली, हा याच्या घराण्याचा देव. कुठं मागं राह्यला असन तो घेऊन आला. सासरच्या देवाचं सुनेनं विचारायचं नसते, पुजायचं असते, अशीच तेव्हाची रीत. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून मी त्याले कुंकू लावलं. तुमी पाह्यलं. पाहून बिडी पेटवली.

सुमन म्हणे, तुमी सांगणार होते. पण घरात तो खडा ठेवायले दुसरी जागा कोणती होती? छपराले भोकं, भिंतीत उंदराचे बिळं, दारात गोट्या खेळणारे पोट्टे. "तिनं देव केला म्हणून तो टिकला," असं तुमी नातीले सांगतलं म्हणे. वा हो वा! म्हणजे मी तुमची बिनबोलाची राखणदारीण!

अन् त्या टवक्याचं काय? आठवते का? एक दिवस कोनाडा रिकामा. तुमी देव खिशात घालून जिनिंगाजवळच्या लोहाराकडं गेले होते. आणला तेव्हा एका बाजूचा टवका उडालेला. घराण्याचा देव फुटला, आता गंगूवर काय येते अन् काय नाही! मी पाच सोमवार धरले, पाणीही सूर्य मावळल्यावर.

"उपास नको धरू, गंगूची माय," तुमी म्हणाले.

"तुमाले नाही तुमच्या देवाची फिकीर. मले आहे."

"त्याले काही होत नाही. तो याहून मोठा मार खाऊन आलेला आहे."

मी समजली, पोथीतली काही गोठ सांगून राह्यले. अन् तुमी खरंखुरं सांगून राह्यले होते! सांगायचंच होतं तर पुरं काहून नाही सांगतलं? मी उपाशी बसलेली दिसत होती ना डोळ्याले?

बुधवारी दुपारी सुमननं मले चुलीपाशी बसून सगळं समजावलं. काच म्हणजे काय, तर वाळूत जो माल असते तोच. सिलिका म्हणते ती त्याले. बांगडीची काच करताना माणूस वाळूत खार घालते, चुना घालते, भट्टी लावते. या काचेत माणसानं काही घातलं नाही. आपल्या वऱ्हाडातला काळा फत्तर कुटून तपासला तर त्यात निम्म्याच्या आसपास सिलिका निघते. बाकी लोखंड, चुना, मॅग्नेशिया, अन् अल्युमिनियमचे डबे होतात त्याचं मूळ द्रव्य. अन् तळ्याकाठची ही काच तपासली तर जवळपास तोच माल, त्याच मापानं. म्हणजे ती वरून पडलेली नाही. ती आपलाच दगड.

"मंग पडलं कोण?" मी विचारलं.

पडला तो दुसरा, म्हणे. एवढा मोठा, एवढ्या जोरात, की इथला फत्तर पाण्यासारखा पातळ होऊन उडाला अन् हवेतच गोठला, म्हणून थेंबाचा आकार. अन् जो पडला त्याचं काय उरलं? काही नाही! त्याची वाफ झाली. फार तर काचेत चिमूटभर निकेल जास्तीचं सापडते, डाळीतल्या हिंगासारखं, अन् तेही ज्याले हुडकता येते त्याले.

माह्या डोक्यात एक गोठ अडकली. म्हटलं, "दगड पातळ झाला, थंडा झाला. मंग पुन्हा दगडच काहून नाही झाला?" ती कण, रचना, असं काहीबाही पुस्तकी सांगू लागली. मले समजलं, पण तिच्या सांगण्यानं नाही. मी गुळाचा पाक चढवला. कडक आला तेव्हा पळीभर गार पाण्यात सोडला: तो आरपार, टणक, ताटावर टाकला की वाजते. बाकीचा घोटत घोटत सावकाश थंडा केला: त्यानं रवा धरला, भुसभुशीत झाला. "पाह्य," म्हटलं, "गूळ एकच. सवड मिळाली त्यानं रवा धरला, सवड नाही मिळाली तो काच झाला."

पोट्टी तोंडात तुकडा धरून म्हणे, "आजी, हेच आमच्या सरांनी अर्धा तास फळ्यावर काढलं होतं!"

"तुह्या सरले चिक्की येत नसन."

मंग मी पुढचं विचारलं. जमिनीच्या पोटातून जो तापलेला रस वर येते, तोही झटक्यात गोठला तर काचच होत असन ना? सुमननं हातातला तुकडा खाली ठेवला. तेच भांडण चालू आहे म्हणे शिकलेल्या लोकाईत. कोणी म्हणते लोणारचा खड्डा ज्वालामुखीचा, कोणी म्हणते वरून बसलेल्या दणक्याचा. अजून एकमत नाही. पारखायची एक खूण अशी, की ज्वालामुखीच्या काचेच्या पोटात पाण्याचा अंश अडकून राहते. लाल होईपर्यंत तापवली की ती लाहीसारखी फुगते, फेसाळते. दणक्याची काच कोरडी. ती फुगत नाही, मुकाट वितळते. लोणारचा तो साहेब तेव्हा हे हिंदीतून आपल्या हाताखालच्या बाबूले सांगत होता, अन् तुमी पेट्याईच्या दोऱ्या आवळता आवळता ऐकून घेतलं.

म्हणून तुमी लोहाराकडं गेले होते! टवका उडवला, भट्टीत घातला, घामाघूम होऊन स्वतः भाता वढला. टवका फुगला नाही. मुकाट वितळला. तुमी सुमनले म्हणाले, "हे पोटातलं नाही, पोरी. हे मार बसलेलं आहे."

बारा वर्षाच्या पोरीले सांगतलं. मले काहून नाही सांगतलं? माहा जन्म कढईपुढं गेला. काय फुगते, काय वितळते, काय करपते, हे माह्याइतकं कोणाले समजलं असतं? तुमाले वाटलं, हिच्या डोक्यात काय शिरते! सांगा ना, तसंच वाटलं ना? याचा राग मले हळदकुंकवाहून जास्त आहे.

सुमन खोट्या स्तुतीचं बोलत नाही, हे बरं आहे. म्हणे, "आजी, तेवढ्यानं सिद्ध होत नाही. आपल्याकडच्या काळ्या दगडाची ज्वालामुखी काचसुद्धा कोरडीच असते बऱ्याचदा. पण आबांचा विचार बरोबर दिशेनं होता. सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, कोण होते तुझे आजोबा? म्हटलं, प्रेसमध्ये रुईच्या गाठी बांधायचे." सर म्हणाले म्हणे, तो टवका उडालेला खडा पाहायले मिळाला असता तर बरं झालं असतं.

कुठून मिळन? मी तो मोर्णा नदीत टाकला.

त्या दिवसाचं आता लिहावंच लागते. नागपूरहून दीक्षा घेऊन आपण सगळे परत आलो होतो. वस्तीनं ठरवलं, घरोघरचे देव गोळा करायचे अन् नदीत सोडायचे. मी सगळ्याईच्या पुढं. डोक्यावर टोपलं, टोपल्यात टाक, शेंदराचे गोटे, अन् तुमचा तो खडा. तुमी कामावर होते. मी विचारलं नाही. विचारायचं काय होतं, सोडायचे म्हणजे सगळेच सोडायचे! पावसाळा नुकताच सरलेला, मोर्णेले पाणी होतं. मी टोपलं उपडं केलं. तेवढ्यात तुमी पळत पळत घाटावर आले, अंगावर रुईचे तंतू तसेच.

"सगळंच टाकलं का?"

"सगळंच!" मी मोठ्या दिमाखानं म्हटलं.

अन् तुमी धोतरासकट पाण्यात शिरले. वाकून वाकून तळ चाचपू लागले. सारी वस्ती काठावर उभी. मले मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिथूनच वरडली, "देवातून जीव सुटत नाही का तुमचा? या बाहेर! लाज आणली!" लोक हासले. पुंडलिक तेव्हा पोरसवदा होता, तो सगळ्याईत जोरात हासला. तुमी वर आले, धोतर पिळलं, म्हणाले, "पाय घसरला होता."

तेवढंच. त्या दिवशी जेवले नाही. मी अजून पेटली. देवाचं सुतक पाळून राह्यले का, म्हटलं. पाण्याच्या नळावर, जिथं तिथं, मीच सांगत फिरली, आमच्या घरातला अजून पुरता सुधरला नाही. ते बोलणं वस्तीनं उचललं. पुढं कमिटी झाली, विहार झाला, नावं कोरायची वेळ आली तेव्हा पुंडलिक म्हणाला, ज्याच्या मनातून देव गेला नाही त्याचं नाव कसं घ्यायचं? मीही काही बोलली नाही. तुमी म्हणाले, "नावाचं काय करायचं." अन् खोकत खोकत कामावर गेले.

एवढंच म्हणायचं होतं तुमी, पाण्यातून वर येऊन: अरे बाबाहो, मी देव नाही हुडकत, काच हुडकून राह्यलो, ही बाई वीस वर्षं तिले पुजत होती. लोक तुमच्यावर हासले नसते. माह्यावर हासले असते. म्हणून नाही म्हटलं, असं सुमन सांगते. तुमी तिले म्हणाले म्हणे, "त्या दिवशी तुही आजी एवढी ताठ चालत होती, की तशी मी तिले कधी पाह्यली नव्हती. एका खड्यासाठी तिची मान खाली घालू काय?"

सुमनचे डोळे भरले हे सांगताना. माह्ये नाही. तिले वाटते, केवढे चांगले आबा. मले वाटते, केवढा आगाऊ माणूस! मले हासलेलं सोसत नाही, हे माह्या वतीनं ठरवणारे तुमी कोण? दोन दिवस हासले असते, चार दिवस हासले असते, मंग विसरले असते. त्यापायी तुमी जन्मभर मान खाली घालून चालले, अन् मी तुमच्या बाजूनं चालताना दोन पावलं पुढं चालली, लोकाईले दिसावं म्हणून. हे काय बरं केलं तुमी? मले भांडू तरी द्यायचं होतं!

गुरुवारी सुमन अमरावतीच्या गाडीत बसली. तिचा खडा मले देत होती. मी घेतला नाही. म्हटलं, ने, फोड, कूट, तपास, निकेल हुडक. घरात ठेवून काय करू?

तिले सोडून मी घरी नाही आली. मोर्णेवर गेली. पाणी आता खाली गेलं आहे. लुगडं खोचून शिरली अन् जिथं टोपलं उपडं केलं होतं तिथं हात घालून पाह्यलं. गोटे निघाले, खापर निघालं, एक बिनमुठीचं उलथनं निघालं. दहा पावसाळे गेले वरून, तिथं काय राहते! तरी हात निघेना. धुणं धुणारी एक पोरगी म्हणे, "काकू, काय हुडकता?" मी, जिचं तोंड आजवर कोणासमोर बंद झालं नाही, मले उत्तर आलं नाही. काय सांगाव? कुठून सांगाव? पाणी गार होतं, पाय बधिर झाले होते, अन् ती पोरगी पाहत होती. तुमच्याकडं तर सारी वस्ती पाहत होती. तेव्हा काठावरून कोणी वरडलं नसतं तर तुमी अजून थोडा वेळ हुडकलं असतं. अन् पाणी तेव्हा नवीन होतं, खडा तिथंच असता. सापडला असता.

हे एक मले सोसत नाही. बाकीचं सोसते.

तर ऐका, ठरलं. रविवारी मी उठून हे पत्र वाचणार. काही गाळणार नाही. कुंकू सांगीन, पाच सोमवार सांगीन, नदीवर मी काय वरडली तेही त्याच आवाजात सांगीन. लोक हासतीन. हासू द्या. जोडाक्षराले अडली तर थांबीन, पण बसणार नाही. दीक्षा तुमची पुरी होती, कच्ची माह्यी जीभ होती, हे माह्या तोंडानं सगळ्याईले ऐकवीन. हा माहा शब्द.

मंग तुमच्या नावाचा सवाल उरन. त्याचं उत्तर तुमी द्यायचं नाही. तुमी एक डाव गप राहून पाह्यलं, तेवढं बस झालं. मीही देणार नाही, माह्यं बोलून झालेलं असन. तुमचं नाव त्या दगडावर कवा कोरतात, याचं उत्तर पुंडलिकनं द्यायचं. तिथंच, उभं राहून, मागच्या रांगेतल्या बहिऱ्या सखूलेही ऐकू जाईन अशा आवाजात.

तुमची,
गंगूची माय
अकोला